मेसकाठी, तंगूस आणि गळ: मलप्रभा-घटप्रभेच्या काठावर मासे धरताना

बुट्टी रिकामी घेऊन घरी परतणाऱ्याच्या बहुतेक चुका काठावर पोचायच्या आधीच झालेल्या असतात. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, गरजेपेक्षा जाड, गळाचं टोक बोथट, तरंगा पाण्यावर आडवा पडलेला आणि आमिष माशाच्या तोंडापासून दोन हात वर. इथं सांगितलेली रीत साध्या मेसकाठीची, म्हणजे भरीव बांबूच्या काठीची आहे, रिळाशिवायची. खानापूर-जांबोटीकडची मलप्रभा, बेळगावजवळची मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी, दूधगंगा आणि चिकोडीकडची कृष्णा, या सगळ्या पाण्यांवर हीच काठी चालते. पाण्याचा रंग, ओढ आणि खोली बघून बाकीची जुळणी बदलावी लागते.

आधी जागा आणि दिवस

गळ कुठं टाकायचा नाही हे आधी ठरवा. भीमगड अभयारण्यात मासा धरणं हा गुन्हा आहे, मग तो म्हादईच्या खळग्यातला बोटभर का असेना. राकसकोप धरणाचं पाणी बेळगाव शहराला पिण्यासाठी जातं, तिकडं गळ घेऊन फिरकू नये. गावतळी बहुतेक लिलावानं दिलेली असतात. त्यातला मासा ठेकेदारानं पैसे घालून सोडलेला असतो, म्हणून आधी विचारा. धरणाच्या पाण्यावर मत्स्य खात्याचा परवाना लागतो का, तेही तिथल्या कार्यालयात विचारून घ्या. स्फोटक आणि विष घालून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. तरी उन्हाळ्यात डोह आटले की कुणीतरी ते करतंच. त्यात बोटभर पिल्लापासून खेकड्यापर्यंत सगळं मरतं आणि त्या डोहात पुढं दोन-तीन वर्षं गळ टाकण्यात अर्थ राहत नाही. असं दिसलं तर गप्प बसू नका.

मृग-आर्द्रात पहिले लोंढे आले की मासा ओढ्यातून भातखाचरांकडं चढतो. हे चढणीचे मासे पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन निघालेले असतात. बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावून ते धरायची रीत जुनी आहे आणि तेव्हा नदीत मासाही मुबलक होता. आता ते चार आठवडे काठी आढ्याला टांगलेली बरी. पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, मलप्रभा लाल होऊन दुथडी वाहते. तेव्हा गळ चालत नाही आणि काठ कधी खचेल सांगता येत नाही.

खरे दिवस उत्तरा-हस्तापासून दिवाळीपर्यंतचे. पाणी निवळलंय का हे पायानं बघावं. मांडीभर पाण्यात उभं राहिल्यावर गुडघे दिसतात, पण पायाची बोटं दिसत नाहीत, तो रंग गळाला उत्तम. बोटं स्पष्ट दिसायला लागली की मासाही तुम्हाला बघतो, मग तंगूस बारीक करायचा आणि काठापासून दोन पावलं मागं बसायचं. थंडीत पहाटे जायची घाई नको. गार पाण्यात मासा सुस्त असतो, ऊन चढल्यावर दहा ते चार ही वेळ चांगली. उन्हाळ्यात उलट, उजाडताना आणि दिवस मावळताना.

काठी

मेस किंवा माणगा, म्हणजे भरीव जातीचा बांबू, घ्यावा. पोकळ बांबू पेरावर चिरतो. लांबी 10 ते 12 फूट, बुडाला अंगठ्याएवढी जाड, शेंड्याला करंगळीच्या निम्मी. आपल्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरची निवडा. वनखात्याच्या हद्दीतली तोडू नका. काठी दोन-तीन वर्षांची हवी. कोवळ्या काठीच्या पेरांना अजून पांढरी भुकटी आणि पापुद्रे असतात, ती वाळली की सुरकुतते आणि वाकडी होते. तोड कार्तिक ते माघाच्या दरम्यान करावी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर-पिष्ट जास्त असतं, त्याला भुंगा लागतो आणि सहा महिन्यांत आतून पीठ गळायला लागतं.

तोडलेली काठी सावलीत, शेंडा खाली करून टांगा आणि शेंड्याला किलोभराचा दगड बांधा. तीन ते चार आठवड्यांत ती वाळते आणि बरीचशी सरळही होते. उरलेला बाक काढायला निखाऱ्यावर, जाळावर नव्हे, ते पेर फिरवत शेका. हाताला चटका बसेल इतकं तापलं की गुडघ्यावर हळू दाबून सरळ करा आणि ओल्या फडक्यानं थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवा. काळं पडलं तर तंतू जळला, तिथंच ती एक दिवस मोडणार. शेवटी करडईचं किंवा जवसाचं तेल दोनदा चोळा.

तंगूस नुसता टोकाला बांधू नका. ही चूक सर्रास होते. शेंडा मोडला की मासा, तंगूस आणि गळ सगळं पाण्यात जातं. शेंड्यापासून तिसऱ्या पेराखाली पक्की गाठ मारा, तिथून सुतासारखा सात-आठ वेढ्यांनी काठीवर गुंडाळत टोकापर्यंत न्या आणि टोकाला दुहेरी अडकवणी घाला. शेंडा मोडला तरी मासा काठीला राहतो. तंगुसाची लांबी काठीपेक्षा हातभर कमी ठेवा, म्हणजे काठी उभी केली की मासा आपोआप हातात येतो. लांब तंगुसाच्या मोहापायी किती मासे काठावर येऊन सुटतात, याला हिशेब नाही.

तंगूस, गळ, शिसं

चिलापी (तिलापिया), कोळशी, बारीकसारीक खवल्यांना 0.20 ते 0.25 मिलिमीटरचा तंगूस पुरे. रोहू-कटल्याला 0.30 ते 0.35. मरळीला 0.40, कारण ती गवतात आणि मुळ्यांत शिरते. गळाजवळचा शेवटचा वीत-दीड वीत तुकडा मुख्य तंगुसापेक्षा एक नंबर बारीक बांधा. कपारीत अडकला तर तेवढाच तुटतो, तरंगा आणि शिसं वाचतं.

गळाचे नंबर उलटे चालतात: आकडा मोठा तितका गळ लहान. खवल्यांना 12 ते 14, चिलापीला 8 ते 10, रोहूला 4 ते 6, मरळीला 1 नंबरचा किंवा त्याहून मोठ्या आकाराचा गळ. नवा गळ धारदार असेलच असं धरून चालू नका. त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून ओढा. टोक नखात रुतून थांबलं तर ठीक, घसरलं तर बारीक कानशीनं टोकाच्या दिशेनं दोन-तीनदा घासा. काही माशांच्या तोंडाची कड टणक असते, बोथट गळ तिथं नुसता सरकतो. उलटा दात पक्कडीनं चेपून टाकला तर लहान मासा इजा न होता सोडता येतो. तंगूस ताणलेला ठेवला की मोठा मासाही त्यामुळं सुटत नाही.

गाठ अशी: तंगुसाचं टोक नेढ्यातून वीतभर बाहेर काढा, मुख्य धाग्याभोवती सहा वेढे द्या, टोक परत नेढ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला. आवळायच्या आधी गाठ थुंकीनं ओली करा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणानं तंगूस तापतो आणि नेमका तिथंच कमजोर होतो. तुटलेल्या तंगुसाचं टोक कुरळं दिसलं तर गाठ सुटली होती असं समजा. टोक सरळ आणि खरबरीत असेल तर तो दगडाला घासून तुटलाय.

तरंग्यासाठी वाळलेल्या जोंधळ्याच्या ताटाचा तीन बोटं तुकडा सगळ्यात चांगला. साल काढली की आतला गर भेंडासारखा हलका असतो. मात्र तो पाणी पितो, तासाभरात जड होऊन बुडायला लागतो, म्हणून वितळलेल्या मेणात बुडवून काढा. वरचं टोक कुंकवानं किंवा रंगानं लाल करा. थर्मोकोल वापरू नका, त्याचा चुरा नदीत राहतो. शिशाचे मणी गळापासून वीतभर वर लावायचे. किती, ते घरी बादलीत ठरवा: तरंग्याचा फक्त लाल शेंडा, एक बोट, पाण्यावर राहिला पाहिजे. तरंगा निम्मा वर असेल तर माशाला तो ओढायला जड लागतो आणि मासा आमिष सोडून देतो. शिसं दातानं चावून दाबू नका, ते विषारी आहे. पक्कड ठेवा.

जुना प्रकार माहीत असावा म्हणून सांगायचं. लोखंडाच्या आधी माणसानं हाडाचा किंवा काट्याचा सरळ तुकडा गळ म्हणून वापरला. बाभळीचा दोन बोटं लांब कडक काटा घ्या, दोन्ही टोकं अणकुचीदार करा, बरोबर मध्यावर खाच पाडून दोरी बांधा आणि तो दोरीला समांतर धरून गांडुळात लपवा. माशानं गिळला आणि दोरी ताणली की काटा घशात आडवा होतो. रचना किती साधी आणि किती पक्की आहे हे हातानं करून बघण्यासारखं आहे, पण पाण्यात टाकू नका. यातून मासा जिवंत सोडता येत नाही.

आमिष

गांडूळ गोठ्याच्या सांडपाण्याजवळ, जुन्या शेणखताखाली मिळतं. नुकत्या टाकलेल्या गरम शेणात शोधू नका. डब्याला भोकं पाडा, ओली माती आणि कुजका पाला घाला, सावलीत ठेवा. उन्हात अर्ध्या तासात गांडुळं मऊ पडतात आणि गळावर टिकत नाहीत. लावताना गोळा करू नका. डोक्याकडून मोज्यासारखं गळावर चढवा आणि शेपटीचं दोन पेरं टोक हलतं सोडा. त्याहून लांब सोडलं तर बारके मासे शेपूट कुरतडून नेतात आणि तुम्ही रिकाम्या गळाकडं बघत बसता.

रोहू-कटल्यासाठी कणीक: गव्हाचं पीठ 1 वाटी, जोंधळ्याचं पीठ पाव वाटी, शेंगदाण्याची पेंड भाजून कुटलेली अर्धी वाटी, सुपारीएवढा गूळ. कोमट पाण्यात घट्ट मळा, ओल्या फडक्यात अर्धा तास मुरू द्या. नंतर चिमूटभर कापूस बारीक पिंजून त्यात मळा, तो कणकेला धरून ठेवतो. गोळी वाटाण्याएवढी करून गळावर लावा आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात पाच मिनिटं धरून बघा. विरघळली तर गव्हाचं पीठ वाढवा, दगडासारखी राहिली तर थोडं पाणी. गळाचं टोक गोळीतून किंचित बाहेर डोकावलं पाहिजे.

मासा जागेवर आणायला चारा लागतो. भाताचा कोंडा 4 मुठी, पेंड 2 मुठी आणि नदीचीच चिकण माती मिसळून मोसंबीएवढे गोळे करा. पोचल्यावर तीन टाका, मग अर्ध्या तासाला एक. जास्त टाकलं तर मासा त्यावरच पोट भरतो. ओढीच्या पाण्यात गोळा बसायच्या जागेच्या दोन-तीन हात वर टाका, कारण चुरा वाहत खाली येतो.

खोली मोजणं

हे काम निम्मे लोक करत नाहीत. गळाला एक जड नट अडकवा आणि पाण्यात सोडा. तरंगा बुडाला तर खोली जास्त, तो तंगुसावर वर सरकवा. आडवा पडला तर खाली सरकवा. लाल शेंडा नीट उभा राहिला म्हणजे तळ सापडला. ती जागा लक्षात ठेवून नट काढा. आता मृगळ, वाम आणि शिंगटीसाठी आमिष तळाला टेकलेलं ठेवा, रोहूला तळापासून हातभर वर, कटल्याला पृष्ठभागाखाली दोन हात. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळातलं. त्यांच्या तोंडाची ठेवणसुद्धा तशीच वर, समोर आणि खाली वळलेली दिसते.

बसायची जागा म्हणजे जिथं धार आणि संथ पाणी एकमेकांना लागून चालतात ती रेघ. पाण्यावर पाला आणि फेस ज्या ओळीत सरकतो तीच. मासा संथ बाजूला उभा राहतो आणि धारेतून येणारं खाणं टिपतो. काठावर उंबर किंवा जांभूळ ओणवलेलं असेल तर त्याच्या सावलीची कड बघा, फळ पडलं की तिथं बुडबुडे येतात. सावली पाण्यावर पडेल असं बसू नका आणि पाय आपटू नका. हलक्या बोलण्यापेक्षा पावलाचा धक्का माशाला लवकर कळतो.

तरंगा काय सांगतो

चिलापी तरंगा थरथरवते आणि आडवा पळवते, तेव्हा मनगटानं छोटा झटका. रोहू दोन-तीनदा हलकं ठोकतो आणि मग तरंगा सावकाश खाली जातो, तो जाऊ लागला की उचला, ठोकण्यावर नाही. मृगळानं तळावरून आमिष उचललं की तरंगा उलट वर येऊन झोपतो. नवशिके इथं फसतात, कारण ते बुडण्याची वाट बघत असतात. तरंगा अगदी हळू एका बाजूला सरकला, थांबला, परत सरकला तर तो खेकडा. जागा दोन हात बदला, नाहीतर आमिषच संपेल. वाम ओढते आणि लगेच दगडात शिरून शेपटीनं कपार धरते, तिला क्षणाचाही वेळ द्यायचा नाही.

मरळीला तरंगा आणि शिसं दोन्ही काढा. गवताच्या कडेला जिवंत टोळ पाण्यावर हलता ठेवा. मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर एक छोटी चूळ भरल्यासारखा आवाज होतो, त्या जागेच्या पुढं हातभर टाका. तिनं घेतल्यावर मनात तीन मोजा आणि मग ओढा. बेडूक लावायची जुनी रीत सोडून द्या, भातावरचे किडे तोच खातो. आणि एक गोष्ट कळकळीची: पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा एका जागी खदखदताना दिसला तर त्याच्या खाली मरळीची जोडी राखणीला असते. टोळ टाकला तर ती नक्की झडप घालते, भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. ती गेली की तासाभरात इतर मासे सगळा थवा संपवतात. तिथून काठी उचलून निघा.

मोठा मासा लागला तर काठी उभी ठेवा, वाकू द्या आणि काठानं त्याच्या बरोबर चाला. काठी माशाच्या दिशेनं सरळ झाली की तंगूस तुटलाच. तोंड पाण्यावर आणून दोनदा हवा पाजली की मासा ढिला पडतो. मग हातजाळी पाण्यात स्थिर धरा आणि मासा तिच्यावर आणा. जाळी माशामागं फिरवू नका.

ठेवायचं काय, सोडायचं काय

चिलापी निवांत ठेवा. तो आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आणला गेला आणि इथल्या माशांची जागा खाऊन बसलाय. महसीर लागला तर ओल्या हातानं, पाण्यातच गळ काढून सोडा. पोट फुगलेली मादी कुठल्याही जातीची असो, सोडा. कोरड्या हातानं धरलं तर अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढं बुरशी लागून मरतो.

शिंगटीला सांभाळा. पाठीवरचा एक आणि छातीजवळचे दोन असे तीन काटे ताठ उभे राहतात. पोटाखालून हात घालून, छातीच्या काट्यांच्या मागं बोटं अडकवून धरा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, विष उष्णतेनं निकामी होतं. मग डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

कृष्णेच्या काठावर मगरी आहेत. तिथं पाण्यात पाय सोडून बसू नका, माशाची आतडी काठावर टाकू नका, आणि वाळूवर घसरल्याचा रुंद पट्टा दिसला तर ती जागा सोडा. घटप्रभेवरच्या हिडकल किंवा मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाच्या खालच्या अंगाला बसलात तर पाण्यालगतच्या दगडावर एक खूण करून ठेवा. खूण बुडाली की सामान उचला, धरणातून पाणी सुटलंय. वळवाचा गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून झाडाखालून बाहेर या. विजेच्या तारांखाली तर ओली काठी कधीच उभी करू नका.

ठेवायचा मासा बुट्टीत तडफडत ठेवण्यात क्रूरताही आहे आणि मांसही बिघडतं. डोळ्यांच्या मागं, डोक्यावर एक जोरदार फटका द्या, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि ओल्या पाल्यात सावलीत ठेवा. उन्हाळ्यात दोन तासांच्या आत आतडी काढा. चिलापीच्या पोटात आतून काळा पापुद्रा असतो, तो खरवडून काढा. वाम आणि मरळ बुळबुळीत, हाताला चुलीची राख लावून धरा. पित्ताची पिशवी न फोडता काढून टाका. रोहूचं पित्त औषध म्हणून कच्चं गिळणारी माणसं अजून आहेत, त्यानं मूत्रपिंडं निकामी होतात.

घरी आल्यावर काठी पुसून, शेंडा खाली करून परत टांगा. तंगुसाचा शेवटचा हातभर भाग ओठांमधून फिरवून बघा, जिथं खरबरीत लागेल तिथून कापून टाका आणि गळ नव्यानं बांधून ठेवा.